कोरलचा आजार आधी तुम्हालाच दिसणार आहे: मालवणच्या स्कूबा गाईडांना खुले पत्र

प्रति,
मालवण, दांडी, तारकर्ली आणि देवबाग इथले सर्व स्कूबा गाईड, बोटमालक आणि बुकिंग सांभाळणारी मंडळी

सप्रेम नमस्कार.

नारळी पौर्णिमा झाली की तुमची सिलिंडरं तपासायला जातात, कॉम्प्रेसरचं ऑइल बदललं जातं, होड्यांना रंग लागतो. दसऱ्यानंतर एकदा पर्यटक यायला लागले की मे महिन्यापर्यंत तुम्हाला डोकं खाजवायला फुरसत नसते, हे मला माहीत आहे. म्हणून हंगामाआधीच लिहिते आहे. मागणं एकच आहे: सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या कोरलच्या, म्हणजे प्रवाळाच्या, आजारांवर तुम्ही लक्ष ठेवा आणि जे दिसेल ते तारखेसकट जपून ठेवा. सरकारने सांगण्याची वाट पाहू नका.

कोरल पांढरं पडतं, त्याला ब्लीचिंग म्हणतात, हे आता तुमच्यातल्या सगळ्यात नव्या पोरालाही ठाऊक आहे. आजार ही त्याहून वेगळी गोष्ट. पाणी तापलं की कोरलच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवालं बाहेर पडतात आणि रंग जातो, पण मांस जागेवर असतं. जवळ जाऊन पाहिलंत तर पॉलिपची, म्हणजे कोरल ज्या इवल्या जिवांचं बनलेलं असतं त्यांची, तोंडं दिसतात. पाणी वेळेत निवलं तर असं कोरल सावरतं. आजारात मात्र मांसच गळून जातं. जिवंत भाग आणि उघडा सांगाडा यांच्यामध्ये स्पष्ट रेघ दिसते. सांगाडा आधी पांढराशुभ्र असतो, मग काही दिवसांत त्यावर हिरवट-करडं शेवाळ चढतं. काही आजारांत मांस जातही नाही, नुसत्या गाठी येतात किंवा गुलाबी डाग उठतात. पर्यटकाला यातलं काहीच कळत नाही, तो माशांकडे बघत असतो.

हे सगळं लांबच्या समुद्रातलं आहे असं समजू नका. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१६ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला, तो आपल्याच मालवण सागरी अभयारण्यातल्या टर्बिनेरिया मेसेंटेरिना या कोरलवरच्या गाठींबद्दल होता. टर्बिनेरिया तुम्ही रोज पाहता: उलगडलेल्या पत्रावळीसारखे एकावर एक थर असलेलं, करड्या-पिवळसर रंगाचं. निरोगी थरावर पॉलिपची भोकं सारख्या अंतरावर, थोडी उचललेली असतात. गाठ आली की तेवढ्याच जागी थर फुगतो, रंग फिका होतो, भोकं एकतर पसरट होतात नाहीतर बुजून जातात. बोट लावायचं नाही, पण टॉर्च आडवा धरलात तर फुगवट्याची सावली लगेच कळते. अशा गाठीतला सांगाडा भराभर वाढतो आणि ठिसूळ असतो. त्या भागात शैवालं कमी असतात, अंडीही कमी धरतात. गाठी कशाने येतात ते अजून पक्कं ठरलेलं नाही.

मला अशी गाठ पहिल्यांदा कुठल्या पुस्तकाने दाखवली नाही, तुमच्यातल्याच एकाने दाखवली. पाण्याखाली त्याने माझा खांदा ओढला, बोटाने खूण केली आणि वर आल्यावर होडीच्या काठाला धरून म्हणाला, "म्याडम, ही गाठ गेल्या वर्साक नव्हती." गेल्या वर्षी नव्हती आणि या वर्षी आहे, हीच तर खरी माहिती. ती त्याच्या डोक्यात होती. कागदावर, फोनमध्ये, कुठल्याही कार्यालयात नव्हती. तो उद्या आखातात नोकरीला गेला तर तीही त्याच्याबरोबर जाणार.

संशोधक मंडळी येतात ती परवानगी, निधी आणि निवळ पाणी यांचा मेळ बसेल तेव्हा. म्हणजे साधारण डिसेंबर-जानेवारीत काही दिवस. त्यांचं काम मोलाचं आहे, पण आजार त्यांच्या रजेप्रमाणे चालत नाही. काळ्या पट्ट्याचा रोग घ्या. आर्नफ्रीड अँटोनियस या शास्त्रज्ञांनी १९७३ साली कॅरिबियन समुद्रातून त्याची पहिली नोंद केली. निळी-हिरवी शैवालं आणि गंधक वापरणारे जिवाणू एकत्र येऊन काळा पट्टा तयार करतात. तो कोरलवरून पुढे सरकतो आणि मागे नुसता सांगाडा ठेवतो. वेग दिवसाला काही मिलिमीटर, गरम पाण्यात कधी सेंटिमीटरभर. आपल्या देशात लक्षद्वीप आणि पाल्कच्या सामुद्रधुनीतल्या कोरलवर त्याची नोंद झालेली आहे. मार्चमध्ये लागलेला पट्टा मे संपेपर्यंत कोरलची मोठी वसाहत, म्हणजे असंख्य पॉलिपचा एकसंध पिंड, खाऊन टाकू शकतो. पुढच्या डिसेंबरात शास्त्रज्ञ उतरतो तेव्हा त्याला शेवाळलेला दगड दिसतो. मग तो काय लिहिणार? "मृत कोरल, कारण अज्ञात." पंचनामा करायलाही काही उरलेलं नसतं. मार्च ते मे त्या पाण्यात कोण होतं? तुम्ही होतात, दिवसातून कित्येक वेळा.

आंग्रे बँकेची गोष्ट वेगळी. कान्होजी आंग्र्यांचं नाव लागलेला तो पाण्याखालचा, कोरल असलेला पठारी प्रदेश विजयदुर्गापासून शंभराहून जास्त किलोमीटर समुद्रात आहे. तिथे २०१९ च्या डिसेंबरात मोहीम गेली, तर ती बातमी झाली. तिथे रोज कोण जाणार? महाराष्ट्रात कोरलवर माणसाची रोज नजर पडेल अशी जागा मला तरी मालवण सोडून दुसरी दिसत नाही.

आता फ्लोरिडातली हकिकत सांगते. सप्टेंबर २०१४ मध्ये मायामी शहराजवळच्या व्हर्जिनिया की नावाच्या बेटापाशी पाणबुड्यांना काही कोरलवर मांस गळाल्याचे डाग दिसले. तेव्हा मायामी बंदर खोल करण्यासाठी गाळउपसा चालू होता. त्या कामामुळे कोरलचं किती नुकसान झालं यावर तिथे अजून वाद आहे, मी त्यात पडत नाही. गाळउपशाच्या निमित्ताने तिथल्या कोरलची वारंवार पाहणी होत होती, म्हणून रोगाची पहिली जागा आणि पहिला महिना नोंदला गेला. त्या रोगाला कठीण कोरलचा मांसगळ रोग म्हणता येईल. तो वीसहून अधिक जातींना लागतो. लहान वसाहत काही आठवड्यांत संपते, शेकडो वर्षांची मोठी वसाहत काही महिन्यांत. २०१८ मध्ये तो मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आणि जमैकात पोचला, २०२१ मध्ये फ्लोरिडाच्या कोरलपट्ट्याच्या पार पश्चिम टोकाला, ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी. खांबासारखी उभी वाढणारी एक जात तर फ्लोरिडाच्या समुद्रातून जवळजवळ संपलीच. तिचे उरलेसुरले तुकडे काढून आता मत्स्यालयांत आणि रोपवाटिकांत जपलेत.

इतकी वर्षं झाली, इतका पैसा ओतला, तरी रोगाचा नेमका जंतू अजून हाती लागलेला नाही. अमोक्सिसिलीन, होय, तेच आपलं घसा दुखल्यावरचं औषध, एका खास मलमात कालवून पाणबुडे ते जखमेच्या कडेने हाताने लिंपत बसले. लिंपलेली जखम बऱ्याचदा थांबते, पण त्याच वसाहतीवर दुसरीकडे नवी जखम उघडते. हे वाचून कोणी मेडिकलमधून गोळ्या आणून समुद्रात प्रयोग करू नका, हात जोडते. आपल्याकडे ते बेकायदा ठरेल आणि घातकही. फ्लोरिडातली माणसं तो रोग थांबवू शकली नाहीत, पण तो कुठून निघाला, कोणत्या महिन्यात कुठे पोचला, कोणती जात आधी पडली, हे त्यांना माहीत आहे. त्यामुळे रोग पोचायच्या आधी पुढच्या बेटांवरून निरोगी तुकडे काढून आणता आले. त्या माहितीतला बराच भाग शौकीन डायव्हरांनी आणि डाइव्ह शॉपवाल्यांनी कळवलेला आहे. हा रोग अजून अटलांटिकच्या बाजूलाच आहे. इथे उद्या दुसरं काही उगवलं, तर पहिली जागा आणि पहिला महिना सांगायला कोणी असेल का?

आता थोडं कडू बोलते. बोलले नाही तर पत्र अर्धवट राहील.

थायलंडमध्ये को ताओ नावाचं बेट आहे. धंदा अगदी तुमच्यासारखा: नवखे पर्यटक, छोट्या होड्या, दिवसाला अनेक फेऱ्या, ठरलेल्या जागा. तिथल्या कोरलचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. जिथे डायव्हर कमी जातात तिथे ७९ टक्के कोरल निरोगी होतं, जिथे गर्दी असते तिथे ४५ टक्के. रोगांचं प्रमाण गर्दीच्या जागी तिप्पट होतं. कारण समजायला अवघड नाही. कोरलला खरचटलं की कातडी फाटते आणि तिथून जंतू आत जातो. फिन्सने उडवलेली वाळू अंगावर बसली की ती झटकण्यात त्याची ताकद जाते.

आपल्याकडे काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहता. नांगर सरळ कोरलवर पडतो. पोहता न येणारा पर्यटक घाबरला की पाय टेकायला जागा शोधतो, आणि जी सापडते ती टर्बिनेरियाची कड असते. गाईडचा एक हात पर्यटकाच्या सिलिंडरवर, दुसरा आधारासाठी दगडावर, आणि तो "दगड" जिवंत पोरायटीस, म्हणजे दगडासारखं दिसणारं कोरल असतं. फोटो बरा यावा म्हणून मासे गोळा करायला पाव कुस्करला जातो. तुमच्यातले काही जण यातलं काहीच करत नाहीत, हेही मी पाहिलं आहे, आणि त्यांचे व्हिडिओ इतरांपेक्षा वाईट येत नाहीत. हंगामात माणसामागे मिळणारा दर पडलेला, बुकिंगवाल्याचं कमिशन वेगळं, फेऱ्या वाढवल्याशिवाय भागत नाही, हे गणित मला कळतं. पण त्याच गणितात कोरल हे भांडवल आहे.

सगळा दोष तुमच्या माथी मारायचा नाही मला. फ्लोरिडातल्या हरणाच्या शिंगांसारख्या कोरलवर एक पांढऱ्या डागांचा रोग येतो. त्याला कारण असलेला सेराशिया नावाचा जिवाणू माणसाच्या मैल्यातून समुद्रात जातो, हे २०११ साली प्रयोगाने दाखवलं गेलं. माणसाकडून कोरलला रोग! तेव्हा आपापल्या होमस्टेच्या आणि लॉजच्या टाक्या पावसाळ्यात कुठे वाहतात, हा प्रश्न डाइव्हवाल्यांइतकाच खानावळवाल्यांचा आणि नगरपालिकेचाही आहे. प्लास्टिकचंही तसंच. इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया, म्यानमार आणि थायलंड इथल्या १५९ जागी सव्वा लाखाच्या आसपास कोरल तपासून २०१८ साली निघालेला निष्कर्ष असा की प्लास्टिक अडकलेल्या कोरलला रोग असण्याची शक्यता ४ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर जाते. सावली पडते, कातडी घासते, प्लास्टिकवर बसून जंतू येतात. तुटलेल्या जाळ्याचा तुकडा कोरलवर दिसला तर ओढू नका. कात्रीने हळूहळू कापून काढा. आणि काढण्याआधी एक फोटो घ्या.

फोटोवरूनच मी मुख्य मुद्द्यावर येते.

नोंद ठेवायची म्हटलं की तुम्हाला वाटेल, आता रजिस्टर आलं, इंग्रजी फॉर्म आले, लॅटिन नावं आली. यातलं काही लागणार नाही, कारण अर्धं काम तुम्ही आधीच करता आहात. प्रत्येक पर्यटकाचा व्हिडिओ तुम्ही काढता. त्याच जागी, जवळजवळ त्याच खोलीवर, हंगामभर. त्याला पेनड्राइव्हवर किंवा फोनवर देता आणि संध्याकाळी कार्ड रिकामं करता. त्या व्हिडिओत पुढे हात हलवणारा पुण्या-कोल्हापूरचा पाहुणा असतो आणि त्याच्या पाठीमागे, कोणाचं लक्ष नसताना, तेच कोरल असतं. शास्त्रज्ञाला निधी मागूनही मिळणार नाही असा साठा तुम्ही रोज रात्री पुसून टाकता.

तो पुसू नका, एवढंच. सगळा ठेवा असंही म्हणत नाही, हार्ड डिस्क फुकट येत नाही. प्रत्येक डाइव्ह सेंटरने आपल्या नेहमीच्या तीन जागा ठरवाव्यात. दर जागी डोळ्यांत भरणाऱ्या आठ-दहा वसाहती निवडाव्यात, निरोगी आणि आजारी दोन्ही. आठवड्यातून एकदा, शक्यतो सोमवारी गर्दी कमी असताना, पर्यटक नसलेली एक छोटी फेरी मारून त्यांचे फोटो घ्यावेत. दरवेळी त्याच बाजूने, तेवढ्याच अंतरावरून. कॅमेऱ्याची बॅटरी काढली की त्यातली तारीख कधीकधी मागे जाते, तेव्हा तिच्यावर विसंबू नका. पांढऱ्या प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने तारीख, जागा आणि खोली लिहा आणि पाटी पहिल्या फोटोत धरा. पाटी पांढरी असण्याचं कारण आहे. पाण्याखाली लाल रंग आधी मरतो, सगळं निळं-हिरवं दिसतं. शेजारी पांढरी पाटी असली की कोरल खरंच पांढरं पडलंय की नुसतं फिकं, ते नंतर संगणकावर ठरवता येतं. पाटीच्या कडेला शाळेची पट्टी चिकटवलीत की मापही आलं. ज्यांच्या मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर आहे त्यांनी तळाचं तापमानही टिपावं. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून ब्लीचिंगचे इशारे देते, पण उपग्रहाला पाण्याची वरची कातडी दिसते, तळ तुम्हाला दिसतो.

व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो दाबून लहान होतो, त्यात गाठीवरची भोकं दिसत नाहीत. ग्रुपवर खुशाल टाका, पण मूळ फाइल वेगळी ठेवा.

महिन्यातून एकदा आणखी एक काम. ठरलेल्या जागी वीस मीटरची दोरी तळावर अलगद पसरायची आणि दोन्ही बाजूंना एकेक मीटरमधलं सगळं कोरल मोजायचं. सगळं म्हणजे निरोगीसुद्धा. इथे बहुतेकांचं चुकतं. माणूस आजारी दिसलेल्याचाच फोटो काढतो, आणि मग शंभरात पाच आजारी होती की पन्नास, ते कधीच कळत नाही. पाच पाहायला मिळणं हा आजार असू शकतो किंवा नेहमीचंच असू शकतं. मागच्या महिन्यात शंभरात पाच होती आणि या महिन्यात वीस, हे मात्र कोणालाही हलवेल. दोरी ताणताना कोरलला गुंडाळू नका, उंच वसाहतीला वळसा द्या.

प्रत्येक जखम म्हणजे रोग नव्हे. पोपटमासा चावतो तेव्हा चोचीचे जोडीने ओरखडे उठतात. शंखातल्या काही गोगलगायी कोरलचं मांस खातात, त्या दिवसा बुंध्याशी लपलेल्या सापडतात, वाकून पाहा. गाळाने मेलेलं मांस खोलगट भागात असतं, कारण गाळ तिथेच साचतो. नांगराची जखम ओळखायला तुम्हाला मी शिकवायची गरज नाही. पोरायटीसवरची गुलाबी रेघ लक्षात ठेवा. तिचं वर्णन लक्षद्वीपमधल्या कवरत्ती बेटावरून आपल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्याच शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडलं. नाव नाही आठवलं तरी चालेल. "रेघ सरळ, काळी, बोटाएवढी रुंद, खालून वर" एवढं मराठीत किंवा मालवणीत लिहिलंत तरी जाणकाराला पुरतं.

पावसाळ्यानंतरची पहिली फेरी सगळ्यात महत्त्वाची. चार महिने गड आणि कर्ली नद्यांचं गढूळ गोडं पाणी येत असतं, त्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात पश्चिम किनाऱ्याला तळाकडून प्राणवायू कमी असलेलं पाणी वर येतं. हे सगळं सोसून कोरल कोणत्या अवस्थेत उरलं आहे, ते पहिला पर्यटक उतरण्याआधी टिपलंत, तर मे महिन्यात काय बिघडलं ते पर्यटनाने की पावसाने, हे वेगळं काढता येईल. ती नोंद नसेल तर सगळं खापर तुमच्यावर फुटणार.

जिथे जखम सापडेल ती जागा दिवसाच्या शेवटी घ्या, सुरुवातीला नाही. निरोगी जागेवरून आजारी जागेवर गेलं तर चालतं, उलटं नको. संध्याकाळी जॅकेट, फिन्स, मास्क गोड्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. आणि नमुना म्हणून तुकडा तोडून कोणाकडेही नेऊ नका, माझ्याकडेसुद्धा. कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्या पंक्तीत. तुमचा हेतू चांगला होता हे पटवत कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील.

आता तुमच्या मनातली शंका. होडीवर कोणी मोठ्याने बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात असते: "आपणच आजार दाखवून दिला तर उद्या वन खातं स्कूबा बंद करील."

ही भीती खुळचट नाही. २०१० च्या ब्लीचिंगनंतर थायलंड सरकारने २०११ च्या जानेवारीत सात सागरी उद्यानांमधल्या अठरा डाइव्हच्या जागा बंद केल्या होत्या. आपल्याकडे १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून मच्छीमारांच्या मनात त्याबद्दल जो संशय बसला आहे, त्यामागेही कारणं आहेत. रापणकराला विचारून कोणी सीमा आखली नव्हती. पण जरा उलट्या बाजूनेही बघा. बंदीचा विषय आजार लपवल्याने टळत नाही, तो पर्यटकाच्या व्हिडिओतून, वर्तमानपत्रातून, कोणाच्या तरी याचिकेतून कधीतरी येतोच. त्या दिवशी समोरच्याच्या हातात अहवाल असेल आणि तुमच्या हातात काय असेल? तुमच्याकडे सलग चार हंगामांचे तारखेसकट फोटो असतील, तर "सगळं बंद करा"च्या जागी "ही एक जागा सहा महिने सोडा, बाकीच्या चालू राहू द्या" असं बोलता येतं. आजारी जागा तुम्ही स्वतःहून सोडलेली असेल तर आणखी बरं. ज्याच्याकडे वही असते त्याच्याशी अधिकारी वेगळ्या सुरात बोलतो, हा माझा सरकारी कामांतला अनुभव आहे.

हे पत्र वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या आणि जिल्हा प्रशासनाच्या वाचनातही येईल असं धरून चालते. त्यांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. गाईडने कळवलेल्या आजाराची नोंद त्याच गाईडच्या विरुद्ध वापरली जाणार नाही, हे लेखी द्या. तोंडी आश्वासनावर समुद्रातली माणसं विश्वास ठेवत नाहीत, त्यांनी बरीच आश्वासनं पाहिली आहेत. आणि डाइव्हच्या जागी होड्या बांधायला कायमचे तरंगते बोये बसवा, म्हणजे नांगर टाकायचा प्रश्नच उरणार नाही. नांगर टाकू नका असं सांगायचं आणि होडी बांधायला काही द्यायचं नाही, याला अर्थ नाही. तिसरी गोष्ट मागणार होते, मानधनाची. पण ती गाईडांनी आपल्या तोंडाने मागावी.

तुमच्यापैकी तीन-चार सेंटर तयार झाली तरी या हंगामात सुरुवात होते. सगळ्यांची एकी होईपर्यंत थांबायला नको, टर्बिनेरियाच्या गाठी तोवर आपल्यासाठी थांबणार नाहीत. ऑक्टोबरातल्या पहिल्या निवळ पाण्याच्या दिवशी मला फोन करा, नंबर तुमच्या बहुतेकांकडे आहे. पाट्या, पेन्सिली आणि वीस मीटरची दोरी मी घेऊन येते. जागा तुम्ही निवडायच्या. ज्याने मला ती गाठ दाखवली होती, त्याला होडीत आधी बसवा, कारण आधीची तुलना फक्त त्यालाच करता येणार आहे. आणि गेल्या हंगामातला एखादा व्हिडिओ कोणाच्या फोनमध्ये पुसायचा राहून गेला असेल, तर तो कृपा करून आजच बाजूला काढून ठेवा.

आपली,
मालवण तालुक्यातील प्राणिशास्त्राची एक शिक्षिका